राउटरचे उघडे दार

डहाणू-तलासरीत ज्या बंधू-भगिनींच्या घरी वायफाय व कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द. मुंबईला कामावर असताना घर मोबाइलवर दिसावे म्हणून कॅमेरा बसवणारा राउटरमध्ये ‘पोर्ट’ उघडून जातो. पोर्ट म्हणजे क्रमांक असलेले दार. ते सगळ्या जगालाच उघडे राहते. २०१६ साली ‘मिराय’ व्हायरस बहुतेक २३ क्रमांकाच्या दारातून लाखो कॅमेऱ्यांत व राउटरांत शिरला. कुलूप फोडावे लागलेच नाही. कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता!

म्हणून आधी विचारा, दार उघडायची गरज आहे का? कंपनीच्या अ‍ॅपवर चित्र दिसत असेल तर नाही. उघडावेच लागले तर अगोदर कॅमेरा व राउटर दोघांचे पासवर्ड बदला. लागेल तो एकच क्रमांक उघडा. राउटरमधले ‘यूपीएनपी’ बंद ठेवा. ते आपल्याला न विचारता दारे उघडते.