अंगठा आमचा, हिशोब कुणाचा?



पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घ्यायचा. आज्याला वाटायचं, दोन पायली भाताचं कर्ज लिहिलंय. पुढं कळायचं, जमिनीचं खरेदीखत झालंय. हे इतक्या ठिकाणी झालं की आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी सरकारला 1974 चा कायदा करावा लागला.

आता शाई गेली, कागद गेला, मशीन आलं. अंगठा मात्र आपलाच आहे.

आधारच्या मशीनवर पैसे काढायला सही लागत नाही, पासबुक लागत नाही, मोबाईलवरचा आकडाही लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातली रक्कम निघते. दूरच्या वाडीवरच्या म्हातारीला बँकेत खेटे नकोत म्हणून ही सोय केली, ती चांगलीच आहे. पण तिथंच भामटा बसला तर? "आजी, अंगठा लागंना बघ, परत ठेव." आजी परत ठेवते. पहिल्या अंगठ्याला पैसे निघालेले असतात, दुसऱ्याला आणखी निघतात. हातात एकदाचेच पडतात.

आणि आजीला ते खरंही वाटतं. कोयता धरून, माती उपसून आपल्या बोटाच्या रेघा झिजल्यात, मशीन खरोखरच कधी कधी बोट घेत नाही. आपल्या कष्टाचाच असा फायदा उठवला जातो. रेशनचं मशीन आणि पैशाचं मशीन दिसायला सारखंच. "केवायसी करायची हाय" म्हणून कुणीही दारात येतो आणि आपण बोट पुढं करतो.

मग वर्तमानपत्रात छापून येतं, 'अडाणी लोक फसले'. आम्हाला हे मान्य नाही. 2019 साली शेजारच्या इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो कंपनीच्या कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण बाहेर आलं. कडकनाथ म्हणजे झाबुआच्या भिल्ल आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली कोंबडी. पिल्लं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच घेतो, असा करार होता. सांगली-कोल्हापूरच्या कितीतरी शेतकऱ्यांनी लाखांनी पैसे घातले. खरेदी थांबली, पैसे बुडाले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. ते शेतकरी शिकलेले होते, करार वाचून सही केलेले होते. मग अडाणी कोण? फसवणारा दोषी असतो, फसलेला नाही. म्हणून लाजेनं गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसला की तोच माणूस उद्या शेजारच्या वाडीवर जातो.

आपल्या लढ्याच्या नावावरही आता दलाल फिरतात. "वनहक्काचा पट्टा ऑनलाईन मंजूर करून देतो, पाच हजार द्या, आधार द्या." नीट ऐका. 2006 च्या वनहक्क कायद्यात दाव्याला फी नाही. दाव्याचा नमुना मोफत मिळाला पाहिजे, असं नियमच सांगतो. दावा ग्रामसभेत सुरू होतो, तिथून उपविभागीय समिती आणि मग जिल्हा समिती. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा म्हणून चालतो. मिळालेली जमीन विकता येत नाही, कुणाच्या नावावर करून देता येत नाही. ह्याच्या पलीकडचं कुणी काही सांगत असेल तर तो खोटं बोलतोय.

तेव्हा वाडीवर एवढं ठरवून टाकू:

बोट ठेवायच्या आधी विचारायचं, "कशासाठी? किती रुपये?" 'लागला नाही' म्हणाला तरी छापील पावती मागायची. पावती नाही तर दुसरा अंगठा नाही.

दारात येणाऱ्याला अंगठा द्यायचा नाही. काम असेल तर ग्रामसभेत ये, चारचौघांत सांग, म्हणायचं. खरा माणूस येईल.

बँक कधीच फोनवर आकडा विचारत नाही. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावानं आलेली फाईल उघडायची नाही, मग पाठवणारा मामाचा पोरगा का असेना. त्याचाही फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पैसे गेले तर त्याच घटकेला 1930 ला फोन करायचा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेनं 2017 साली तसं परिपत्रक काढलं. चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्यानंच पैसे काढले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान खातेदारावर टाकता येत नाही, असं त्यात सांगितलं.

आणि सरकारला आमचं सांगणं आहे. रेशन अंगठ्यावर, पेन्शन अंगठ्यावर, लाडक्या बहिणीचं केवायसी मोबाईलवर, हे सगळं तुम्ही आणलंत. मग प्रत्येक मशीनवाल्याचं नाव आणि बँक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. किती रुपये निघाले ते मशीननं मराठीत मोठ्यानं बोलून सांगावं. मशीन लावायला पैसा आहे, तर पावतीच्या कागदालाही असला पाहिजे.

सावकाराच्या वहीशी आपण भांडलो ते एकेकट्यानं नाही, गावानं मिळून. हे मशीनही गावापुढंच आणायचं.

हे पान वाचता येणाऱ्यानं येत्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.

जिंदाबाद!