चवदार तळ्याचे वारस आणि अंगणातले बोअर



20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यातून 108 घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून ते मंत्र म्हणत परत तळ्यात ओतले आणि तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. या तळ्याचा न्यायालयीन लढा मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 मार्च 1937 च्या निकालापर्यंत चालला. पाण्यात शेण ओतून ते शुद्ध होते असे मानणाऱ्यांशी ज्यांनी झुंज दिली, त्यांची आपण नातवंडे-पतवंडे. निदान आपण तरी घरच्या पाण्याची शुद्धता अंदाजाने ठरवू नये.

माळेगाव बुद्रुक हा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा उसाचा भाग. कालव्याचे आणि शेतातले पाणी मुरते, म्हणून बोअर घ्यायला माणसे धजावतात. हप्त्याने किंवा बचत गटाच्या कर्जातून पैसे उभे राहतात. मग पाणाडी येतो, नारळ हातावर धरून जागा दाखवतो, दक्षिणा घेतो. मोटार चांगल्या कंपनीची आणली जाते. काटकसर होते ती केसिंग आणि पाइपात. कारण केसिंगचे पैसे फुटावर असतात आणि एकदा जमिनीत गेलेले केसिंग कोणाला दिसत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने पाणाड्याला पैसे द्यावेत आणि केसिंगला हात आखडावा, हे मला पटत नाही.

आपल्याकडे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. घाण पाणी मुरते ते वरच्या माती-मुरमातून. म्हणून केसिंग मुरूम ओलांडून पक्क्या कातळात बसले पाहिजे. केसिंगच्या बाहेरच्या फटीत बोअरचाच चुरा लोटून देतात. त्याऐवजी निदान वरच्या भागात सिमेंटचा रबडा ओतून घ्यावा. केसिंगचे तोंड ओट्याच्या वर फूट-दीड फूट असावे आणि त्यावर घट्ट झाकण असावे. भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा हवा. तोंड जमिनीबरोबर ठेवून वर फरशी टाकली, तर पहिल्या पावसात अंगणातले सगळे आत जाते. तीनशे फुटांचे बोअर असले तरी वरच्या वीस फुटांत केलेली हयगय सगळे पाणी नासवते.

पाइपाचेही तसेच. मोटार बंद झाली की पाइपातला दाब उतरतो. अशा वेळी सांधा गळका असेल आणि पाइप गटारातून गेला असेल, तर गटारातले पाणी आत ओढले जाते. म्हणून गटार ओलांडताना पाइप वरून न्यावा, त्यावर लोखंडी पाइपाचे कवच घालावे, आणि गटाराच्या जागी सांधा ठेवू नये. मोटारीच्या वर एनआरव्ही बसवावा, पाइप आयएसआय छापाचेच घ्यावेत. बोअरची लाइन नळाच्या लाइनला कधीही जोडू नये. तसे केले तर आपल्या चुकीची शिक्षा सगळ्या आळीला होते. टाकीला झाकण आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी. मोटारीला अर्थिंग हवेच.

काम झाल्यावर बोअर धुऊन घ्यावे. 6 इंची बोअरमध्ये 200 फूट पाणी उभे असेल, तर ते सुमारे 1100 लिटर भरते. त्याला पाव किलो ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून वरची निवळी बोअरमध्ये ओतावी, प्रत्येक तोटीला वास येईपर्यंत मोटार चालवावी, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे. तोवर ते कोणी पिऊ नये.

त्यानंतर तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळते. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. उसाला खत भरपूर पडते, म्हणून नायट्रेटही तपासायला सांगावे. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाणी उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. वरचे दूध पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असे पाणी घातक ठरू शकते.

आता खरी अडचण. बोअर आणि शौचालयाचा खड्डा यांत निदान 50 फूट अंतर हवे. बस्तीतल्या घराला 50 फूट अंगण कुठून आणायचे? म्हणून माझे मत असे की घरटी एक बोअर हा मार्गच चुकीचा आहे. चार-सहा घरांनी मिळून, खड्डे-गटारांपासून दूरची जागा बघून, केसिंगला पैसा न आखडता एकच बोअर घ्यावे. वीजबिल आणि दुरुस्ती वाटून घ्यावी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे की रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय युद्धाला निघाले, तेव्हा सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्यापायी घर सोडले. त्याचे अनुयायी म्हणवणाऱ्यांना एका मोटारीचे बिल वाटून घेता येऊ नये काय?

आणि बोअर झाले म्हणून नळाची मागणी सोडू नये. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवले आहे. नगरपंचायतीचे गाव झाले म्हणून हा हक्क कमी होत नाही. शुद्ध पाणी पुरवणे ही शासनाची जबाबदारी आहे, बोअर ही फक्त आपली सोय.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की एवढेच करा. आपापल्या बोअरचे तोंड ओट्याच्या किती वर आहे आणि पाइप गटारातून जातो का, हे प्रत्येकाने उठून सांगावे. ज्यांचे चुकले असेल त्यांच्याकडे पावसाळ्याआधी सगळ्यांनी मिळून दुरुस्तीला जावे.

जयभीम, नमो बुद्धाय.