इलेक्ट्रॉनचा फंडा

लंडनहून स्वस्तात युरोप फिरणाऱ्यांना २००९ पर्यंत एक फंडा पाठ असायचा: रायनएअरचं तिकीट ‘व्हिसा इलेक्ट्रॉन’नेच काढायचं. साधंसुधं डेबिट कार्ड, खात्यात पैसे असतील तरच चालणारं. पण इतर कार्डांवर माणशी, दर फेरीला ५ पौंड लागायचे, याच्यावर शून्य! चौघं जाऊन-येऊन? सरळ ४० पौंड. पेमेंट एकदाच, फी मात्र आठदा. हा कसला कार्डाचा खर्च, बॉस? २०१० उजाडलं आणि कंपनीने ही सूट प्रीपेड मास्टरकार्डाला देऊन टाकली. पब्लिक निघालं नवं कार्ड काढायला! ब्रिटनने १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांकडून अशी कार्ड-फी घ्यायलाच बंदी घातली. आपल्याकडे ‘कन्व्हिनियन्स फी’ नावाने हाच माणशी हिशेब बऱ्याच साइट्सवर चालू आहे. तेव्हा ‘पे’ दाबण्याआधी कार्ड, यूपीआय असे पर्याय बदलून एकूण आकडा बघाच.