दोष वैमानिकाचा, मग रस्ता कोणाचा?

12 जून 2025 रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळून 260 माणसे मेली. विमानाच्या ढिगाऱ्यातून धूर निघत होता तेव्हाच वाहिन्यांवर चर्चा सुरू झाली, वैमानिकाची चूक होती काय? ही घाई नवी नाही. आपल्या देशातील सरकारी देशांतर्गत विमानसेवेचा इतिहास वाचला की या घाईमागचे राजकारण कळते.

1953 साली संसदेने कायदा करून आठ खासगी कंपन्या एकत्र केल्या आणि इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. वारशात मिळाली ती बहुतांश दुसऱ्या महायुद्धातून उरलेली डाकोटा विमाने. त्याच वर्षी 12 डिसेंबरला नागपूरहून मद्रासला निघालेले रात्रीच्या टपालाचे डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि 13 जण ठार झाले. पुढे जेट विमाने आली, पण अपघात थांबले नाहीत. 31 मे 1973 रोजी दिल्लीत पालमजवळ बोईंग 737 कोसळले. त्यात केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांच्यासह 48 जण गेले. 12 ऑक्टोबर 1976 रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर कॅराव्हेल जळून पडले. त्यातील 95 पैकी एकही वाचला नाही. इंजिनातील धातूच्या चकतीला थकव्याने तडा गेला होता. ती फुटली आणि आग लागली. इथे वैमानिकाला दोष देण्याची सोय नव्हती.

परंतु खरी कसोटी लागली ती 1988 ते 1993 या काळात. 19 ऑक्टोबर 1988 ला अहमदाबादेत 133, 14 फेब्रुवारी 1990 ला बंगळूरला 92, 16 ऑगस्ट 1991 ला इम्फाळच्या डोंगरात 69 आणि 26 एप्रिल 1993 ला औरंगाबादेत 55. साडेचार वर्षांत चार अपघात, 349 मृत्यू! चारही चौकशांत वैमानिकाच्या चुकीवर बोट ठेवले गेले. ती चूक नव्हतीच, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की अहवाल तेवढ्यावर संपत नव्हते.

औरंगाबादचेच उदाहरण घ्या. प्रवाशांनी भरलेले विमान धावपट्टी सोडत असताना पलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता. विमानाची डावीकडची चाके आणि इंजिन ट्रकला धडकले. पुढे विमान विजेच्या उच्चदाब तारांवर आदळून तुटले. वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, असे अनुमान निघाले. पण त्याच वाक्यात दुसरे कारणही होते: उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. लोकांच्या लक्षात राहिला तो वैमानिक. रस्ता मात्र विसरला गेला. अहमदाबादेतही तेच. खालावलेल्या दृश्यमानतेची माहिती विमानाला कळवलीच गेली नव्हती, हे चौकशीत नोंदले गेले.

असे का होते? कारण विमान कंपनी सरकारची, विमानतळ सरकारचा, नियम करणारे महासंचालनालय सरकारचे आणि चौकशी नेमणारेही सरकारच. सर्वांवर एकच मंत्रालय. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश असू नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व. न्यायमूर्ती नेमले तरी त्यांचा अहवाल स्वीकारायचा की नाही, हे ठरवणारे सरकारच. वैमानिक तर अनेकदा अपघातातच मेलेला असतो. तो बाजू मांडायला येत नाही. त्याच्या माथी दोष मारला की फाइल बंद करणे सोपे जाते.

याची किंमत मृतांच्या कुटुंबांनी मोजली. विमान वाहतुकीच्या कायद्याने भरपाईला कमाल मर्यादा घातली होती. ती ओलांडायची तर केवळ चूक नव्हे, परिणाम ठाऊक असूनही केलेली बेपर्वाई सिद्ध करावी लागे. अहमदाबादच्या कुटुंबांनी ही लढाई लढली. 2009 साली गुजरात उच्च न्यायालयाने विमान कंपनीसोबत विमानतळ प्राधिकरणालाही जबाबदार धरले. म्हणजे चौकशीच्या कागदावर जी गोष्ट आधीच लिहिलेली होती, तिचे पैशात रूपांतर व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ज्यांच्याकडे वकील नव्हता, चिकाटी नव्हती, त्यांचे काय?

2007 मध्ये इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. मालक बदलला. पण 2012 मध्ये स्थापन झालेला अपघात तपास ब्युरो मात्र त्याच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवला गेला. तपासाचा हेतू दोषी शोधणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, आणि तपास स्वतंत्र असावा, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. मंत्रालयाच्या छायेत हे स्वातंत्र्य टिकेल कसे?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. तपास यंत्रणा मंत्रालयाच्या बाहेर काढा, तिला संसदेला उत्तरदायी करा. प्रत्येक अहवालातील शिफारशींचे काय झाले, हे ठराविक मुदतीत सभागृहापुढे ठेवा. आणि जमिनीवर मेलेल्या माणसाला प्रवाशाइतकाच भरपाईचा हक्क द्या. विमानाचे तिकीट न काढलेला माणूसही विमान अपघातात मरतो, हे 2025 च्या अहमदाबादने दाखवून दिले आहे.