देवाची वही उघडा

‘जागतिकीकरण’ हा शब्द आपल्या भाषेत रूढ होऊन तीन तपे होत आली. १९९१ साली देशाचे अर्थकारण परदेशी भांडवलास मोकळे झाले, आणि तेव्हापासून या शब्दाची कोणी आरती ओवाळतो, तर कोणी त्याच्या नावाने शंख करतो. वाद करणाऱ्या उभय पक्षांचा एका गोष्टीवर मात्र एकमत असतो: हा पाहुणा नवा आहे. सुप्याच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून हसू यावे. कारण त्याच्या दारात जग १९९१ साली आले नाही; ते फार पूर्वीच येऊन बसले, जेवले आणि यजमानालाच ओसरीवर काढून मोकळे झाले.

थोडा इतिहास आठवावा. एकोणिसाव्या शतकात या रानातील सागवान गलबतांसाठी आणि रुळांखालच्या ओंडक्यांसाठी हवे झाले. १८६० च्या सुमारास सरकारने कुमरीच्या शेतीवर बंधने घातली, आणि पिढ्यानपिढ्या डोंगर भाजून नाचणी पेरणारा कुणबी एका हुकुमाने गुन्हेगार ठरला. १८७८ च्या वनकायद्याने उरलेसुरले रान राखीव झाले. त्याच साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात व्यापाराचा तह झाला आणि दहा वर्षांत मुरगावच्या बंदरापासून आपल्या तालुक्यातील कॅसलरॉकपर्यंत आगगाडी चढली. घाटावरचा माल समुद्रपार जावा, हा तिचा हेतू. पुढे स्वराज्य आले. १९५९ पासून दांडेलीस कागद होऊ लागला. त्यासाठी रानातला बांबू टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र दराने दिला गेला, असे माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. सूप-टोपल्या विणणाऱ्याला त्या दराने एक काठीही कोणी दिली नाही. मग काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. काळी आणि पांढरी यांच्या संगमावरचे सुपा गाव पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास गेल्या, माणसे रामनगरास गेली. २००७ साली दांडेली-अणशीचे रान व्याघ्रप्रकल्प झाले. २०१५ साली त्याला काळीचे नाव मिळाले.

सागवान, बांबू, वीज, वाघ. जगाने मागितले ते सुप्याने दिले. बदल्यात सुप्याच्या कुणब्याला काय मिळाले, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

१९७४ साली रने लनुआर नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने ‘वगळलेली माणसे’ ही कल्पना चर्चेत आणली. पुढे २००० साली अमर्त्य सेन यांनी तिची चिकित्सा करताना एक मार्मिक भेद दाखविला: माणूस वगळला जातो तेव्हा त्याची हानी होतेच, पण प्रतिकूल अटींवर सामावून घेतला जातो तेव्हाही होते. सुप्याचा कुणबी वगळला गेला असे म्हणणे म्हणूनच अर्धे सत्य आहे. तो बाजारात आहेच. पण तो तेथे बांबू तोडणारा, रिसॉर्टाचे अंगण झाडणारा, गणेशगुडीच्या पाण्यात पाहुण्यांचा तराफा वल्हवणारा म्हणून आहे. जमिनीचा धनी म्हणून नाही. ज्या दिवशी जगाला त्याच्या जमिनीचे मोल कळले, त्याच दिवशी जमीन त्याची आहे काय, हा प्रश्न निघाला. आणि त्या प्रश्नाचे उत्तर जग एकाच भाषेत ऐकते. ती भाषा म्हणजे कागद.

दैवाची थट्टा पाहा. ज्याच्या रानातल्या बांबूचा कागद झाला, त्याच्याच घरात कागदाचा कपटा नाही!

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध कुणबी आमच्या कचेरीत आले. वनहक्काचा त्यांचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला होता. आम्ही वकिली सवयीने कागद मागितले. म्हातारबाबा किंचित हसले आणि म्हणाले, “कागद ना, सायबा. पूण देवाक विचारात.” आम्हांला ते भाबडेपण वाटले. देवाला विचारून का कुठे दावे जिंकता येतात? परंतु रात्री कायदा पुन्हा उघडून बसलो तेव्हा ध्यानात आले की भाबडे आम्हीच होतो. म्हातारबाबांनी सांगितले होते ते कायद्यातच लिहिले होते.

वनहक्क कायदा २००६ चा. जो अनुसूचित जमातीत नाही, त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पाऊणशे वर्षे, आपले कूळ वनात राहत व वनावर जगत आल्याचे दाखवावे, असे तो सांगतो. जमातीतल्याला ही पाऊणशे वर्षांची अट नाही. आता पाहा: गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप यांना २००३ साली जमातीचा दर्जा मिळाला. घाटाच्या या अंगाच्या कुणब्याला, ज्याची भाषा तीच, देव तोच आणि सोयरिकही तिकडचीच, त्या दर्जासाठी वर्षानुवर्षे अर्ज आणि मोर्चे यांत झिजावे लागले. पोर्तुगीज आणि इंग्रज यांनी आखलेली रेघ दोघेही गेल्यावर कुणब्याच्या कपाळी उरली.

तरीही पुराव्याची वाट त्याच कायद्याच्या नियमांनी मोकळी ठेवली आहे. तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने हा पुरावा. गावातल्या वृद्धांचे लेखी निवेदन हा पुरावा. जुन्या हक्कांच्या व सवलतींच्या नोंदी हाही पुरावा. अट एवढीच की एकाहून अधिक पुरावे हवेत.

आणि येथे, वाचकहो, विषय आपल्या उंबऱ्याशी येतो. या डोंगरातील कुणब्यांची तीन-चार पिढ्यांची नावे कोठे लिहिलेली असतील? सरकारी दप्तरात क्वचित. ती आहेत आपल्या देवस्थानांच्या कीर्दी-खतावण्यांत. पालखीला खांदा कोणत्या घराण्याचा, जत्रेला तांदूळ कोणत्या वाड्याचा, तेल कोणी घातले, नारळाचा मान कोणाचा, हे आपल्या वाडवडिलांनी मोडीत व बाळबोधीत वर्षानुवर्षे टिपून ठेवले. सरकारने ज्याला अतिक्रमण करणारा म्हटले, त्याला देवाच्या वहीत मानकरी म्हटले आहे. हा पुरावा सोन्याच्या मोलाचा आहे आणि तो आपल्या कपाटात कसरीच्या स्वाधीन झाला आहे.

म्हातारबाबांसाठी आम्ही एका देवस्थानाकडे अशा नोंदींची नक्कल मागितली. उत्तर मिळाले: देवाची वही बाहेर जात नाही. त्याच देवस्थानाच्या सभामंडपाचा जीर्णोद्धार बेंगळूर व दुबईच्या देणग्यांनी झाला होता आणि देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली होती. दात्यांची नावे भिंतीवर आणि मानकऱ्यांची कुलुपात! जागतिकीकरण विषमता कशी वाढविते, याचा शोध घेण्यास आम्हांला दूर जावे लागले नाही.

विरोधकांचे म्हणणेही ऐकू. एक म्हणतात की पर्यटनाने कुणब्याला रोजगार मिळाला, मुले शिकली, शहरांत गेली. हे खरे आहे आणि ते आम्ही आनंदाने मान्य करतो. पण रोजगार देणारा हात कधीही आवरता येतो. हक्क तसा काढून घेता येत नाही. व्याघ्रप्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये ठरले. आधी हक्क ठरवावेत, मगच हलवावे, असे कायदा सांगतो. ज्याचा हक्क कागदावर आलाच नाही, त्याच्या ‘स्वेच्छे’त इच्छा किती आणि अगतिकता किती, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

दुसरे दबक्या आवाजात म्हणतात की वह्या उघडल्या तर कुळे देवस्थानाच्या जमिनी मागतील. हेच खरे भय आहे आणि ते निराधार आहे. कुळकायद्यान्वये अर्ज करण्याच्या मुदती कधीच उलटून गेल्या. वनहक्काचा दावा सरकारी रानावर आहे, देवाच्या इनामावर नाही. देवाचे एक पायलीभर भातही यात जात नाही. मग अडते कोठे? अडते ते मनात. कालपर्यंत पायरीखाली उभा राहिलेला माणूस सातबाऱ्यावर आपल्या बरोबरीने यावा, हे सोसवत नाही, एवढेच.

असे वाटणाऱ्यांनी आपलीच कुळकथा आठवावी. मिऱ्यांच्या व्यापारासाठी सात समुद्र ओलांडून आलेल्या गलबतांनी सोळाव्या शतकात आपली देवळे पाडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. कित्येक घराणी कानड्याच्या किनाऱ्याकडे आणि या डोंगरांकडे वळली. त्या रात्री आपल्या पूर्वजांपाशी कोणते खरेदीखत होते? हाती देव होता, मुखी गोत्र होते. जगाच्या बाजाराने हाकललेली ती बिनकागदाची माणसे होती. त्यांना कोणी जागा दिली, पाणी दिले, देवाला आसरा दिला. त्या देणाऱ्यांनी आपल्याकडे पुरावा मागितला असता, तर आज आपण कोण असतो?

म्हणून प्रत्येक देवस्थानाच्या समितीला आमचे सांगणे आहे. येत्या वार्षिक सभेत तीन ठराव करा. जुन्या वह्यांतील मानकऱ्यांच्या नोंदींचे बाळबोध लिप्यंतर करवून घ्या. मोडी वाचणारे हात आता थोडे उरले आहेत. ज्या घराण्याचे नाव निघेल, त्याला समितीच्या सहीशिक्क्याची नक्कल विनामूल्य द्या. आणि समितीतल्या वृद्धांनी ग्रामसभेत जाऊन, या घराण्याच्या आज्याला आम्ही पालखीखाली पाहिले आहे, एवढे एक वाक्य लिहून द्यावे. यास देणगी लागत नाही. लागते ती केवळ लाज.

ते म्हातारबाबा आता हयात नाहीत. त्यांचा नातू दावा पुढे चालवीत आहे. त्याला आम्ही विचारले, आज्याची काही खूण आहे काय? तो म्हणाला, दर जत्रेला देवळातून नारळ येतो, तोच. देवाने आपली साक्ष दरवर्षी पाठविली आहे. ती अडवून धरणारे आपण कोण?