दाजींचा खरा आकडा

मलकापूर म्हटले की पुष्कळांना बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर आठवते. मी म्हणतो ते मलकापूर निराळे. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात म्हणजे आंबा घाट लागण्यापूर्वी जे लहानसे गाव लागते ते हे. एके काळी विशाळगड जहागिरीचे ठाणे होते, आता शाहूवाडी तालुक्याची बाजारपेठ आहे. तिथे माझी मावसबहीण अक्का राहते. पोटाला चिमटा न घेता दोन दिवस फराळ करावा आणि दुपारी माडीवर ताणून द्यावी, असे हक्काचे घर माझ्यापुरते तेवढे एकच उरले आहे.

अक्काचे यजमान म्हणजे आमचे दाजी. भुसारी दुकानात दिवाणजी होते. अक्षर मोत्यासारखे आणि बोलणे मोजके. त्यांना एकच मुलगा, बाळ. आता पंचवीस वर्षांचा बाप्या आहे, पण घरात तो बाळच. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठरलेले आणि बोलणे अडखळत. डोके मात्र तल्लख. कोल्हापूरच्या गाड्यांचे वेळापत्रक त्याला कंडक्टरपेक्षा चांगले पाठ आहे.

दोन वर्षांमागची दिवाळी. भाऊबीजेचे ताट आवरले आणि मी नेहमीप्रमाणे उपदेशाला बसलो. या सदरात वर्षभर लोकांना शहाणपण शिकवून मला तशी खोडच लागली आहे.

"अक्का, बाळला सरकारी अनुदान का घेत नाही?" मी विचारले. "संजय गांधी निराधार योजना आहे. दाखला आहे ना त्याचा?"

दाखला होता. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सी.पी.आर.मध्ये, डॉक्टरांच्या मंडळाने तपासून दिलेला. पंचाहत्तर टक्के. सोबत पिवळ्या पट्ट्याचे ओळखपत्रही होते.

"मग झाले तर!" मी म्हणालो. "चाळीस टक्के असले की पुरे. उद्याच शाहूवाडीला कचेरीत जाऊ."

दाजी सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "टक्के पुरतात. माझं उत्पन्न पुरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जास्त होतंय."

तेव्हा कुठे मला कळले की ज्या विषयावर मी एवढ्या तावातावाने बोलत होतो, त्याचा अर्धा भागच मला ठाऊक होता. आपल्यापैकी अनेकांचे तसेच होते, म्हणून तो उरलेला अर्धा इथे सांगतो.

सरकारी मदतीला दोन दारे असतात. एक हक्काच्या वर्गणीचे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली कामगाराच्या पगारातून वर्गणी जाते आणि कामावर अपघात होऊन तो अपंग झाला तर त्याला पैसे मिळतात. तिथे कोणी विचारीत नाही की घरी भाऊ किती कमावतो. दुसरे दार गरजेचे. तिथे वर्गणी नसते, म्हणून दोन प्रश्न विचारतात: तुम्ही अपंग आहात काय, आणि तुम्ही गरीब आहात काय? दोन्हींचे उत्तर 'होय' आले तरच दार उघडते. आपण सगळे पहिल्या प्रश्नाची तयारी करून जातो आणि दुसऱ्यापाशी अडतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना हे दुसऱ्या प्रकारचे दार. महाराष्ट्रात ती १९८० पासून चालू आहे. वय पासष्टच्या आत हवे. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना लागते. राज्यात निदान पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे. नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावे, नाहीतर कुटुंबाचे उत्पन्न ठरीव मर्यादेच्या आत असावे. इतर निराधारांना ही मर्यादा वर्षाला २१,००० रुपयांची आहे, दिव्यांगांना ५०,००० रुपयांची. इथे 'कुटुंबाचे' हा शब्द दोनदा वाचावा. बाळ स्वतः एक पैसा मिळवीत नव्हता. पण तो बापाच्या घरात राहतो, म्हणून बापाचा पगार त्याच्या नावापुढे मांडायचा.

दाजींचा पगार तेव्हा महिना नऊ हजार. वर्षाचे एक लाख आठ हजार. झाले, दार बंद!

आता माझी शरमेची गोष्ट सांगतो. मी घटकाभर गप्प बसलो आणि मग हळूच म्हणालो, "दाजी, तुमचा पगार हातावर मिळतो. कुठे नोंद आहे? चाळीस हजार सांगून टाका. सगळे तसेच करतात."

अक्काने दाजींकडे पाहिले. त्या पाहण्यात विनंती होती, हे मी कसे नाकारू? तिची कंबर गेलेली. पंचवीस वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालायचे, उचलून खुर्चीत बसवायचे म्हणजे थट्टा नव्हे. त्या वेळी दरमहा दीड हजार रुपये मिळत. तेवढ्यात सकाळच्या वेळी हाताशी एखादी बाई ठेवता आली असती.

दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वह्या लिहितोय," ते म्हणाले. "एक आकडा कधी फिरवला नाही. आणि हा पोरगा तिथं बसून ऐकतोय. त्याच्या नावानं घरातनं जाणारा अर्ज खोटा जायला नको."

बाळ खिडकीशी बसला होता. तो काही बोलला नाही, पण माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याने मी जेवढा ओशाळलो तेवढा कोणाच्या रागावण्याने ओशाळलो नसतो.

वाचकहो, नियम पाळणारा माणूस भाबडा असतो, असे आपण सर्रास समजतो. पण खोट्या दाखल्याची दुसरी बाजू पाहा. पुढे चौकशी झाली तर अनुदान थांबते, घेतलेले पैसे परत करायची पाळी येते, आणि खरा गरजू अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते. हे झाले दाजींच्या बाजूचे. सरकारलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. वर्षाला पन्नास हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. तीनशे रुपये रोजाने वर्षात दोनशे दिवस काम मिळालेला मजूरसुद्धा साठ हजारांवर जातो आणि नियमाच्या लेखी सुखवस्तू ठरतो! शिवाय औषधे, खुर्ची, कोल्हापूरच्या खेपा आणि अक्काची कंबर या खर्चाला त्या हिशेबात रकानाच नाही.

हे कोडे आपल्याच देशात पडले आहे असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही गरजू अपंगांसाठी १९७४ पासून असेच अनुदान आहे. तिथे अट अशी की एकट्या माणसाची शिल्लक दोन हजार डॉलरांवर जाता कामा नये. हा आकडा १९८९ पासून तसाच आहे. महागाई कुठल्या कुठे गेली, पण अपंगाने चार पैसे जास्त साठवले की मदत बंद! गरज मोजायची फूटपट्टी एकदा केली की ती बदलायचे लोकांना सुचत नाही, मग ते कुठलेही लोक असोत.

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळावे असे म्हटले आहे, पण ते राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुढचे पाऊल टाकले. पूर्वी अपंगत्वाचे सात प्रकार मानीत, ते एकवीस झाले. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात असेही आहे की इतरांच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची रक्कम निदान पंचवीस टक्के अधिक असावी. आपल्याकडे २०२३ पासून सर्वांनाच दीड हजार मिळत होते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना अडीच हजार झाले.

त्या भाऊबीजेनंतर मी प्रायश्चित्त म्हणून एक काम केले. उत्पन्नाची अट नसलेले असे काय काय मिळते ते शोधून काढले. एस.टी.त चाळीस टक्क्यांवरील दिव्यांगाला भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, आणि पासष्ट टक्क्यांवर असेल तर सोबत्याला निम्मे भाडे. अक्का सोबत जाते तेव्हा तिचे पूर्ण तिकीट काढीत होते! बाळसारख्या मेंदूच्या पक्षाघातासाठी, तसेच स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी केंद्राची 'निरामय' विमा योजना आहे. अल्प वर्गणीत वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळतो. नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात, तिथेही अर्ज करून ठेवता येतो. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन मात्र ऐंशी टक्क्यांच्या वरच्यांना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच आहे. त्याचे तीनशे रुपये मिळाले तर राज्य त्यात भर घालते, दोन्ही पूर्ण रकमा वेगवेगळ्या मिळत नाहीत.

पुढच्या पाडव्याला दाजींच्या मालकांनी दुकान बंद केले. मुले पुण्याला, चालवणार कोण? साठीच्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? दाजी घरी बसून दोन लहान दुकानदारांच्या वह्या लिहू लागले. महिन्याला साडेतीन हजार.

मी पत्र टाकले की आता अर्ज करा. उत्तर आले, "आत्ता नाही. दाखला सरत्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा लागतो आणि त्या वर्षी मला पगार होता. मार्च संपू दे." ते वर्ष त्यांनी साठवणीतल्या पैशांवर काढले. अक्काच्या पाटल्या त्याच वर्षी गेल्या, हे मला फार उशिरा कळले. मागील महिन्यांची बाकी मिळत नसते; मंजुरी झाल्यावर पुढचे पैसे सुरू होतात.

एप्रिलात दाजी तलाठ्याकडे गेले. बेचाळीस हजारांचा दाखला हातात पडला तेव्हा ते मला दूरध्वनीवर म्हणाले, "झालो एकदाचा पात्र. अभिनंदन करतोस का रडतोस?" काय उत्तर द्यावे ते मला सुचेना.

अर्ज दिला. एकच गोष्ट अडली. पैसे आधारशी जोडलेल्या बँकखात्यात थेट येतात आणि बाळचे आधार अद्ययावत करायचे होते. ताठर बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. एका केंद्रावरून दोनदा परत पाठवले. तिसऱ्या खेपेला दुसरीकडच्या एका मुलीने शांतपणे डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेतली आणि काम पाच मिनिटांत झाले. बुबुळांचीही सोय असते, हे पहिल्या ठिकाणी कोणी सांगितलेच नव्हते. ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तालुक्याच्या समितीने अर्ज मंजूर केला, आणि श्रावणात पहिले अडीच हजार जमा झाले. सकाळी तासभर एक बाई येते. अक्काची कंबर बरी झाली असे नाही, पण ती आता सकाळचा चहा बसून पिते.

वाचकहो, तुमच्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी असे घर असेलच. त्यांना चार गोष्टी सांगा. दाखला आणि ओळखपत्र आधी काढा, अनुदान मिळो न मिळो. दाखल्यावर मुदत लिहिली असेल तर ती संपण्यापूर्वी नवा काढा. उत्पन्न आज जास्त असेल तर तो विषय कायमचा मिटला असे समजू नका. कमावता माणूस घरी बसला, आजारी पडला, गेला की पात्रता बदलते. रेशनकार्ड, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा एका पिशवीत ठेवा. आणि मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. तो चुकला म्हणजे जिवंत माणसाचे पैसे थांबतात.

यंदा दिवाळीआधी मी मलकापूरला जाऊन आलो. परतताना दाजी आणि बाळ मला स्टँडवर पोचवायला आले. गाडी लागली. बाळने दाजींच्या कानाशी काहीतरी सांगितले. दाजी मला म्हणाले, "त्याचं म्हणणं आहे, मामाचं तिकीट आज तो काढणार."

मी नको नको म्हणत होतो. बाळने खिशातून नोट काढायला बराच वेळ लावला. कंडक्टर थांबला, मागची मंडळीही थांबली. कोल्हापूरचे एक पूर्ण तिकीट. त्यात सवलत नव्हती, कारण मी धडधाकट आहे.

ते तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे.