सोंगटी कुणाची?

'खेळाच्या सोंगट्यांवर वार्षिकांकात लेख?' आमच्या वर्गातील एका विद्वानाने मला विचारले. कविता लिही, निदान हुंड्यावर तरी लिही, असा सल्लाही त्याने दिला. हुंड्यावर लिहायला पुष्कळजण आहेत. सोंगट्यांवर मात्र कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि मला त्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही.

गोष्ट राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या वेळची. गावात वाटायला पाणी वाचवण्याविषयीचा एक खेळ छापायचा ठरले. पट एका कागदावर, सोंगट्या दुसऱ्या कागदावर. कापायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि खेळायचे. माझा हात चित्रकलेत बरा म्हणून सोंगट्या माझ्या गळ्यात पडल्या. मी संगणकावर चार सुबक गोल काढले. तांबडा, हिरवा, पिवळा, निळा. लुडोत असतात तसेच. दुकानात गेल्यावर कळले की रंगीत छपाई आमच्या खिशाला झेपणारी नाही. साधी झेरॉक्स काढली, तर तांबडा आणि हिरवा दोन्ही एकाच राखी रंगाचे होऊन बाहेर आले! शेवटी आम्ही मुलींनी रात्री बसून स्केचपेनने रंग भरले, आणि प्रश्न सुटला असे मला वाटले.

रविवारी एक संच घरी नेला. आई, आण्णा, धाकटा भाऊ आणि मी खेळायला बसलो. आण्णांची सोंगटी तांबडी, माझी हिरवी. आण्णा सारखी माझीच सोंगटी उचलीत. भाऊ हसला, आई हसली, खोटे कशाला सांगू, मीही हसले. तिसऱ्या वेळी आण्णा उठले. "तुमचं तुम्ही खेळा, मला पाणी धरायला जायचंय," म्हणाले. त्या दिवशी आमच्या पाळीचे पाणी नव्हते.

मग मला एकेक आठवू लागले. टोमॅटोच्या तोड्याला आण्णांच्या क्रेटमध्ये कच्ची फळे निघतात म्हणून मालकाची बोलणी ठरलेली. 'याचं लक्षच नसतं' हे मी लहानपणापासून ऐकत आले. आण्णा प्रत्येक फळ बोटांनी दाबून पाहतात, त्यामुळे त्यांचा हात सावकाश चालतो. ते तसे का करतात, हे घरात कुणी कधी विचारले नव्हते.

तालुक्याला नेत्रतपासणी होती, तेथे त्यांना नेले. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली तयार केलेली रंगीत ठिपक्यांची पाने तेथे दाखवतात. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. आण्णा कधी शाळेत गेले नाहीत. आकडा ओळखत नाही म्हणाले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुसरे पान पुढे केले. त्यावर आकड्याऐवजी नागमोडी वाट होती, बोटाने गिरवायची. ज्यांना आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी ही पाने त्याच पुस्तकात असतात. आण्णांचे बोट निघाले आणि मध्येच थांबले. तांबड्या-हिरव्याचे रंगांधत्व, जन्मापासूनचे. हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारांपैकी एकाला तो असतो. वडिलांकडून तो मुलाकडे जात नाही, मुलीकडे जातो. म्हणजे मला दिसत नसला तरी तो माझ्यापाशी आहे.

माझे म्हणणे एवढेच, की सोंगटी कुणाची हे रंगावर सोपवणे हा आळस आहे. रंग जरूर असावा, पण आकार आधी. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंगगट, प्रत्येकी बारा, अशी १२० पाने. पण पान केवळ पार्श्वभूमीच्या रंगावरून ओळखायचे नसते. मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशू अशी चिन्हे असतात आणि ती मोजता येतात. अक्षरओळख नसलेला माणूसही खेळू शकेल. बुद्धिबळातही तेच. १८४९ साली लंडनमध्ये निघालेली स्टाँटन पद्धतीची मोहरी आज जगभर चालतात. घोडा अर्ध्या अंधारातही घोडाच दिसतो. अंध खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, मोहरे बसायला भोक असते आणि काळ्या मोहऱ्यांवर हाताला लागेल अशी खूण असते. प्रत्येकजण आपापला पट चाचपतो आणि चाल मोठ्याने सांगतो. यात दयेचा प्रश्न कोठे येतो? समोरच्याला हरवायचे तर तो आधी खेळायला बसला पाहिजे ना!

मी सोंगट्या पुन्हा काढल्या. प्रथम अक्षरे घातली, ती फसली. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' लहान छपाईत एकसारखे दिसतात. शिवाय आईला अक्षर लागत नाही. आकडे घातले तर आणखी गंमत. पटाभोवती माणसे चारी बाजूंनी बसतात, म्हणून समोरच्याचा आकडा उलटा दिसतो आणि ६ चा ३ होतो. आकड्याखाली रेघ ओढली तर निभते, पण मी आकड्यांचा नादच सोडला. आता चार आकृत्या आहेत: चांदणी, चौकोन, त्रिकोण आणि मधोमध मोठे भोक असलेला गोल. प्रत्येक इंचभर रुंद, आत नक्षी नाही, कडेला जाड काळी रेघ. पहिल्या वेळी मी बारीक वेलबुट्टी काढली होती, ती झेरॉक्समध्ये डागासारखी उतरली. सुबकपणाचा मोह आवरणे मला सर्वांत जड गेले. पुठ्ठ्याऐवजी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. जाड असतात आणि प्रत्येक घरात पडून असतात.

आमच्यातल्या काहींचे मत असे की एवढा खटाटोप चार माणसांसाठी कशाला. मी घरातली पहिली कॉलेजात आले. पहिले सहा महिने 'ट्युटोरियल' म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायची लाज वाटे. इतर हसले की मीही हसत असे. न कळणारा माणूस सहसा बोलत नाही. तो पाणी धरायला जायचे आहे म्हणतो आणि उठून जातो. मग 'चारच माणसे' हा आकडा आपण आणला कोठून?

आण्णा आता त्रिकोण घेतात. हरले की फासा खोटा म्हणतात, आणि खुद्द तेच भावाची सोंगटी एक घर मागे सरकवताना दोनदा सापडले आहेत.

सोंगट्यांचा मूळ कागद ग्रंथालयात नियतकालिकांच्या टेबलावर ठेवला आहे. कुणीही झेरॉक्स काढावी. कात्री मात्र आपापली आणावी, तेथली बोथट आहे.